वाचकांचे प्रश्न : डीको डाइव्ह आणि मनगटावरचा कॉम्प्युटर

स्कूबा डायव्हिंग शिकलेल्या मराठी वाचकांची संख्या वाढते आहे, तशी या सदराकडे येणाऱ्या पत्रांतील चौकशीही बदलते आहे. पोहता येत नसेल तर चालेल का, कोणत्या महिन्यात पाणी स्वच्छ असते, हे प्रश्न मागे पडले असून आता डायव्ह कॉम्प्युटर आणि डिकम्प्रेशन (खोलवरून थांबे घेत वर येणे), म्हणजे डायव्हरांच्या बोलण्यातला ‘डीको’, यांविषयी नेमके प्रश्न येऊ लागले आहेत. त्यांतील काहींची उत्तरे या वेळी दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची फक्त गावे छापली आहेत.

प्रश्न : माझा ॲडव्हान्स्ड ओपन वॉटरचा अभ्यासक्रम अंदमानात पूर्ण झाला आणि यंदा मी स्वतःचा डायव्ह कॉम्प्युटर घेतला. नो-डीको मर्यादा (म्हणजे जितका वेळ खाली राहूनही न थांबता सरळ वर येता येते तो वेळ) ओलांडली गेल्यास कोणत्या खोलीवर किती मिनिटे थांबायचे ते तो आपोआप दाखवतो, असे माहितीपुस्तिकेत लिहिले आहे. तसे असेल तर 30 मीटरवर पाच-सात मिनिटे जास्त राहून, तो सांगेल तसे थांबत वर येण्यात अडचण कोणती? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तो थांबे दाखवतो, कारण चुकून मर्यादा ओलांडली गेली तर डायव्हर अंधारात राहू नये. ही आपत्काळाची सोय आहे, ठरवून मर्यादा ओलांडण्याची परवानगी नव्हे. आपला प्रश्न प्रांजळ आहे आणि पुष्कळांच्या मनात असतो, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

समुद्रात दर 10 मीटर खाली गेल्यावर दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. 30 मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट असतो आणि आपण श्वासात घेतो ती हवाही त्याच दाबाची असते. हवेतला नायट्रोजन, जो सुमारे 79 टक्के असतो, शरीर वापरत नाही. तो रक्तात आणि ऊतकांत विरघळून साठत राहतो. वर येताना दाब उतरतो, हा साठा बाहेर पडू लागतो, आणि दाब फार वेगाने उतरला तर त्याचे बुडबुडे होतात. सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत जे काही होऊ शकते, त्याला इंग्रजीत बोलताना ‘बेंड्स’ म्हणतात. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने बोकड-शेळ्यांवर प्रयोग करून 1908 साली टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. वेगवेगळी ऊतके वेगवेगळ्या गतीने भरतात आणि रिकामी होतात हे गणितात मांडण्यासाठी त्याने शरीराचे पाच काल्पनिक कप्पे कल्पिले होते. झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान यांच्या ज्या गणितावर आजचे बरेचसे कॉम्प्युटर चालतात, त्यात असे सोळा कप्पे आहेत. सर्वांत चपळ कप्पा सुमारे 4 मिनिटांत अर्धा भरतो, सर्वांत मंद कप्प्याला त्यासाठी 635 मिनिटे लागतात.

हे सोळा कप्पे कॉम्प्युटरच्या स्मृतीत असतात, आपल्या शरीरात नसतात. आपल्या मनगटावरच्या यंत्राला दाब कळतो, वेळ कळते आणि आपण कोणता वायू श्वासात घेत आहोत असे आपण त्याला सांगितले आहे ते कळते. रात्रीची झोप, कमी प्यायलेले पाणी, प्रवाहाविरुद्ध मारलेले पाय, वय, जुनी दुखापत, हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात जन्मापासून राहून गेलेले छिद्र (असे छिद्र सुमारे चार माणसांत एकाला असते) यांतले त्याला काहीही माहीत नसते. पडद्यावर दिसणारी मिनिटे ही एका सर्वसाधारण, काल्पनिक डायव्हरची मिनिटे असतात. म्हणूनच कॉम्प्युटरच्या मर्यादेत राहूनही बेंड्स झाल्याची उदाहरणे डायव्हिंगच्या वैद्यकशास्त्रात मुळीच दुर्मीळ नाहीत.

आता हवेचा हिशेब करू. कॉम्प्युटर तो आपल्यासाठी करत नाही, किंवा केला तरी अपुरा करतो. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा लागणारा डायव्हर 30 मीटरवर मिनिटाला 80 लिटर वापरतो. 11 लिटरचे सिलिंडर 200 बारपर्यंत भरलेले असेल तर त्यात सुमारे 2200 लिटर हवा असते. आपण म्हणता ती जास्तीची मिनिटे धरून एकूण 25 मिनिटे तळाशी राहिल्यास 2000 लिटर तिथेच संपतात. संथ गतीने वर यायला तीन-साडेतीन मिनिटे आणि सुमारे 150 लिटर लागतात. उरले 50 लिटर, आणि कॉम्प्युटर 5 मीटरवर काही मिनिटे थांबा म्हणतो, जिथे मिनिटाला 30 लिटर लागतात. म्हणजे सगळे सुरळीत पार पडले, कोणी घाबरले नाही आणि बडीला, म्हणजे जोडीदार डायव्हरला, आपल्या हवेची गरज लागली नाही, तरीसुद्धा थांबा पुरा होण्याआधी सिलिंडर रिकामा होतो. कॉम्प्युटरने दाखवलेले थांबे अचूक होते आणि ते पाळणे अशक्य होते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

नो-डीको डाइव्हमध्ये काही बिघडले तर सरळ पृष्ठभागावर येता येते. डीको डाइव्हमध्ये आपल्या डोक्यावर न दिसणारे छत असते, ज्याला डायव्हर सीलिंग म्हणतात, आणि रेग्युलेटर बिघडो, मास्क निघो, बडी दिसेनासा होवो, जे काही सोडवायचे ते त्या छताखालीच सोडवावे लागते. म्हणून डीकोच्या प्रशिक्षणात जोड सिलिंडर, दोन स्वतंत्र रेग्युलेटर, थांब्यांसाठी वेगळा वायू आणि पाण्यात उतरण्यापूर्वी कागदावर केलेला संपूर्ण आराखडा या गोष्टी आधी येतात आणि कॉम्प्युटर नंतर येतो. माझ्या मते कसोटी सोपी आहे : डाइव्हच्या कोणत्याही क्षणी पडद्याकडे पाहण्याआधीच तिथे साधारण कोणता आकडा असणार हे ज्याला सांगता येत नाही, त्याने अद्याप डीकोत जाऊ नये.

तूर्त नो-डीकोची पाच मिनिटे शिल्लक असतानाच वर सरकायला लागण्याची सवय लावावी. चुकून मर्यादा ओलांडलीच तर त्याच क्षणी तळ सोडावा, कॉम्प्युटर सांगेल तो थांबा पूर्ण करावा, हवा शिल्लक असेल तर 5 मीटरवर आणखी थोडे थांबावे आणि त्या दिवशी पुन्हा उतरू नये.

प्रश्न : आम्ही चौघे मस्कतला नोकरी करतो आणि चौघांनीही ट्रायमिक्सपर्यंतचे (खोल डाइव्हसाठीचे ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हेलियम यांचे मिश्रण) तांत्रिक डायव्हिंगचे प्रशिक्षण घेतले आहे. श्रीलंकेत बट्टिकलोआजवळ बुडालेल्या ‘हर्मीज’ या विमानवाहू जहाजावर डाइव्ह करण्याचा बेत आहे. सरावाच्या डाइव्हमध्ये माझे दोन कॉम्प्युटर वेगवेगळे थांबे दाखवत होते. एक खोलवरच थांबायला सांगत होता, दुसरा बराच वर आल्यावर. ऐकायचे कोणाचे? आणि ग्रेडियंट फॅक्टर किती ठेवावेत? (एक वाचक, मस्कत)

उत्तर : ‘हर्मीज’ला 9 एप्रिल 1942 रोजी जपानी विमानांनी बुडवले आणि ती पन्नास मीटरहून थोड्या जास्त खोलीवर पडून आहे. ही खोली डीको अपरिहार्य करणारी आहे, त्यामुळे हा प्रश्न आपण आधी विचारलात हे बरे झाले.

दोन्ही कॉम्प्युटर बहुधा बिघडलेले नाहीत; ते वेगवेगळी गणिते करत आहेत. ब्यूलमान यांचे गणित विरघळलेल्या वायूचा हिशेब ठेवते, तर बुडबुड्यांच्या वाढीचा विचार करणारी गणिते पहिला थांबा जास्त खोलवर मागतात. उत्पादकांनी त्यांवर आपापले बदल केलेले असतात आणि ते सगळे उघड केलेले नसतात. डीको डाइव्हसाठी दुसरा कॉम्प्युटर घ्यायचा तो पहिला बंद पडला तर त्याच आराखड्यावर वर येता यावे म्हणून. दुसरा वेगळेच सांगणारा असेल तर तो हेतू साधत नाही, उलट 20 मीटरवर तरंगत असताना निर्णय घेण्याचे नवे काम मात्र वाढते. म्हणून दोन्ही यंत्रांचे गणित एक, त्यांतील सेटिंग एक आणि त्यांत नोंदवलेले वायूही एकच असावेत; शक्य असेल तर चौघांचेही. एवढे करूनही खोली मोजण्यातल्या किरकोळ फरकामुळे एखाद-दोन मिनिटांचा फरक पडतो, तेव्हा जो जास्त थांबायला सांगेल त्याचे ऐकावे.

ग्रेडियंट फॅक्टरविषयी. ब्यूलमान यांनी प्रत्येक कप्प्यासाठी अतिरिक्त दाबाची एक कमाल मर्यादा ठरवली आहे. त्या मर्यादेच्या किती टक्क्यांपर्यंत जायचे ते हे दोन आकडे सांगतात. पहिला आकडा पहिला थांबा किती खोल असेल ते ठरवतो, दुसरा पृष्ठभागावर येताना शरीरात किती भार उरलेला चालेल ते ठरवतो. पहिला आकडा जितका लहान तितका पहिला थांबा खोल. एक काळ असा होता की हा आकडा शक्य तितका लहान ठेवणे म्हणजे जास्त सुरक्षित, असे तांत्रिक डायव्हर मंडळी जवळजवळ श्रद्धेने मानत असत.

अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग विभागाने या समजुतीची थेट परीक्षा घेतली आणि 2011 साली अहवाल प्रसिद्ध केला. सर्व डाइव्ह 170 फूट, म्हणजे सुमारे 52 मीटर खोलीच्या होत्या, तळाशी 30 मिनिटे होती आणि श्वासाला हवा होती. खोली जवळपास आपल्या ‘हर्मीज’चीच, हा योगायोग. थांब्यांचा एकूण वेळ दोन्ही गटांत 174 मिनिटे इतकाच ठेवला होता, फक्त त्याची वाटणी वेगळी होती. उथळ थांब्यांवर जास्त वेळ घालवणाऱ्या गटात 192 डाइव्हमध्ये तिघांना बेंड्स झाले. खोल थांब्यांवर वेळ घालवणाऱ्या गटात 198 डाइव्हमध्ये दहा जणांना झाले आणि प्रयोग थांबवावा लागला. खोलवर थांबले असताना चपळ ऊतके रिकामी होतात खरी, पण मंद ऊतके त्याच वेळी आणखी भरत राहतात, आणि त्यांचा हिशेब पृष्ठभागावर आल्यावर चुकवावा लागतो. नौदलाचा प्रयोग हवेवरचा आणि जास्त लांबीच्या थांब्यांचा होता, त्यामुळे तो आपल्या डाइव्हला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. परंतु पहिला आकडा 10 किंवा 20 ठेवण्याला त्यानंतर आधार राहिला नाही, असे मला वाटते. पूर्वी 30/70 हे प्रमाण सर्रास वापरले जाई, आता पहिला आकडा त्याहून मोठा ठेवणारे बरेच आहेत. आपल्या गटाने प्रशिक्षकाशी बोलून एक जोडी ठरवावी, आराखडा त्याच जोडीवर काढावा, आणि बोटीवर गेल्यावर कोणाच्या सांगण्यावरून ती बदलू नये. पाण्याखाली असताना सेटिंग सैल करून थांबा कमी करणे काही यंत्रांत शक्य असते. लवकर वर येण्याची इच्छा झाली म्हणून ते कधीही करू नये.

माझ्या दृष्टीने याहून मोठा धोका वायूंच्या यादीत असतो, आणि त्याविषयी आपण विचारलेले नाही. पृष्ठभागावर पोहोचायला लागणारा एकूण वेळ, जो पडद्यावर ‘टीटीएस’ म्हणून दिसतो, तो काढताना कॉम्प्युटर असे धरून चालतो की त्यात चालू ठेवलेला प्रत्येक वायू आपल्याजवळ आहे आणि योग्य खोलीवर आपण त्यावर बदल करणार आहोत. मागच्या सहलीतला 50 टक्के ऑक्सिजनचा वायू यादीत तसाच राहून गेला असेल आणि या वेळी तो सिलिंडर बरोबर नसेल, तर टीटीएस खोटा दिसतो, आणि ते कळते 21 मीटरवर आल्यानंतर. म्हणून बरोबर नसलेला प्रत्येक वायू बंद करून टाकावा. प्रत्येक सिलिंडरमधला वायू स्वतः तपासून त्यावर टक्केवारी आणि कमाल खोली ठळक लिहावी. 50 टक्के ऑक्सिजन 21 मीटरच्या खाली आणि शुद्ध ऑक्सिजन 6 मीटरच्या खाली श्वासात घेतल्यास पाण्याखालीच झटके येण्याचा धोका असतो, आणि पाण्याखाली झटका म्हणजे बहुतेक वेळा मृत्यू. वायू बदलताना बडीने सिलिंडरवरचा आकडा वाचावा, नळी हाताने चाचपून सिलिंडरपासून तोंडापर्यंत न्यावी, आणि मगच कॉम्प्युटरवर बटण दाबावे. बटण आधी दाबले आणि वायू बदलायचा राहून गेला, तर कॉम्प्युटर निष्ठेने चुकीचा हिशेब करत राहतो.

शेवटी, हा डाइव्ह हवेवर करणारे लोक आपल्याला तिथे भेटतील. 53 मीटरवर हवेतल्या ऑक्सिजनचा दाब 1.3 बारच्या आसपास असल्याने कॉम्प्युटर कोणताही इशारा देणार नाही. पण त्या खोलीवर हवेची घनता लिटरला 7 ग्रॅमच्या वर जाते, आणि 6.2 ग्रॅमच्या पुढे न जाण्याचा सल्ला दिला जातो, कारण दाट वायू श्वासातून आत-बाहेर ढकलताना शरीरात कार्बन डायऑक्साइड साठू लागतो. सर्वसाधारण कॉम्प्युटर घनता दाखवत नाहीत. आपण ट्रायमिक्स शिकला आहात, ते वापरावे.

प्रश्न : पती-पत्नी दोघेही डायव्हर असू आणि कायम बरोबरच राहत असू तर दोघांत एक कॉम्प्युटर चालतो का? भाड्याने घेतलेला किंवा वापरलेला घेणे कितपत योग्य? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : एक चालत नाही. दोघे बरोबर असले तरी एक जण दोन-तीन मीटर खाली असतो, एक जण दोरापाशी आधी पोहोचतो, आणि आदल्या डाइव्हचा उरलेला नायट्रोजन प्रत्येकाचा वेगळा असतो.

भाड्याच्या कॉम्प्युटरमध्ये आदल्या माणसाचा नायट्रोजन नोंदलेला असेल तर तो आपल्याला नाहक लवकर वर यायला सांगेल, हा त्रास आहे, धोका नाही. धोका उलट बाजूला आहे : काल आपण दुसऱ्या यंत्रावर तीन डाइव्ह केल्या आणि आज हे नवे घातले, तर त्याच्या दृष्टीने आपण आज पहिल्यांदाच पाण्यात उतरत आहात. सहलीच्या पहिल्या डाइव्हपासून शेवटच्या डाइव्हपर्यंत एकच यंत्र वापरावे. काही जुन्या यंत्रांत बॅटरी बदलली की साठ्याची नोंद पुसली जाते, तेव्हा बॅटरी सहलीच्या आधी बदलावी, मधे नाही. वापरलेला घ्यायचा झाल्यास खोली बरोबर दाखवतो की नाही ते खुणा केलेल्या दोरावर दुसऱ्या यंत्राशी ताडून पाहावे, आणि डीकोसाठी तो दुसरा कॉम्प्युटर म्हणूनही घेऊ नये असे मी सुचवेन.

प्रश्न : थांब्यांची वीस मिनिटे बाकी असताना कॉम्प्युटर बंद पडला तर नेमके काय करावे? (एक वाचक, विशाखापट्टणम)

उत्तर : दुसरा कॉम्प्युटर असेल तर त्याकडे वळावे, बडीला खूण करून सांगावे आणि ठरलेले थांबे पूर्ण करावेत. डाइव्ह तळाशी असतानाच पहिला गेला असेल तर तिथेच डाइव्ह संपवून वर निघावे. दुसरा चालतो आहे म्हणून पुढे जाऊ नये, कारण आता मागे काही उरलेले नाही.

दोन्ही गेले तर मनगटावर किंवा पाटीवर लिहून घेतलेला आराखडा आणि साधे घड्याळ-खोलीमापक यांवर यावे लागते. म्हणून आराखडा एकच लिहून भागत नाही. ठरलेल्या खोली-वेळेचा एक, 3 मीटर जास्त खोल गेल्यास दुसरा, तळाशी 5 मिनिटे जास्त झाल्यास तिसरा, आणि डीकोचा सिलिंडर हरवल्यास चौथा, असे चार उभे स्तंभ लिहिलेले असावेत. ते लिहिण्याचा कंटाळा येतो, हे मला ठाऊक आहे. पण पाण्याखाली ‘टीटीएस’चा आकडा या स्तंभांशी जुळत नसेल तर वायूची यादी किंवा सेटिंग चुकले आहे हेही त्यावरूनच कळते, म्हणजे कॉम्प्युटर बंद न पडताही ती पाटी उपयोगी पडते.

पाटीही नसेल तर बडीच्या बरोबर, त्याच्या खोलीच्या वर न जाता थांबावे. दोघांचा आराखडा आणि वायू सारखेच असतील तरच याला अर्थ आहे, आणि तरीही त्याच्या थांब्यांपेक्षा काही मिनिटे अधिक थांबावे. तेही शक्य नसेल तर मिनिटाला 9 मीटरपेक्षा वेगाने न येता 6 आणि 3 मीटरच्या पट्ट्यात जितका वायू पुरेल तितके राहावे.

थांबा चुकून पृष्ठभागावर आलात आणि काही त्रास नाही, असे झाले तर पुन्हा खाली जाऊन तो भरून काढण्याचा मोह होतो. नौदलाकडे त्यासाठी नियम आहेत, पण त्यांच्या बोटीवर दाबकक्ष आणि डॉक्टर असतात. आपण बोटीवर आडवे पडून शुद्ध ऑक्सिजन घ्यावा, सांगाती लक्ष ठेवतील, आणि पुढचे किमान 24 तास पाण्यात उतरू नये. खेळासाठी बनवलेले काही कॉम्प्युटर थांबा चुकल्यावर 24 ते 48 तास हिशेब करणेच बंद करतात. त्याचा राग येऊन दुसरा कॉम्प्युटर घालून लगेच उतरणारे लोक असतात; त्यांना समजावण्यात वेळ घालवावा, त्यांच्याबरोबर उतरू नये.

प्रश्न : मालवणला डायव्हिंग करून आम्ही त्याच संध्याकाळी आंबोलीमार्गे कोल्हापूरला परततो. कॉम्प्युटरवर विमानाचे चित्र आणि 14 तास असे दिसते. आम्ही विमानाने जात नाही, तेव्हा याकडे दुर्लक्ष करावे का? (एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर : दुर्लक्ष करू नये, तो इशारा कमी झालेल्या दाबाविषयी आहे, मग वर नेणारे वाहन कोणतेही असो. आंबोली सुमारे 700 मीटर उंचीवर आहे आणि तिथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे 8 टक्क्यांनी कमी असतो. विमानाच्या आत तो याहून बराच कमी, म्हणजे 2400 मीटर उंचीइतका असू शकतो, त्यामुळे घाट विमानाइतका वाईट नाही. परंतु विमानप्रवासाविषयीच्या शिफारशी सुमारे 600 मीटरपासूनच्या उंचीला लागू होतात आणि आंबोली त्या रेषेच्या वर येते.

या शिफारशी ढोबळमानाने अशा आहेत : एकच नो-डीको डाइव्ह झाली असेल तर 12 तास, एकाहून अधिक डाइव्ह किंवा अनेक दिवस डाइव्ह झाल्या असतील तर 18 तास, आणि डीको डाइव्ह झाली असेल तर 18 तासांहून बरेच अधिक, व्यवहारात 24 तास धरावेत. मालवण-तारकर्लीला पर्यटकांना दहा मीटरच्या आतबाहेर थोडाच वेळ नेले जाते, त्यात शरीरावर फारसा भार पडत नाही. पण आपण स्वतंत्रपणे खोल आणि दिवसाला दोन-तीन डाइव्ह करत असाल तर रात्र मालवणातच काढावी. सोलकढी आणि माशांचे जेवण ही त्या गावात राहण्याची काही कमी कारणे नाहीत.

प्रश्न : डीकोच्या थांब्यावर अगदी स्थिर राहावे की हातपाय हलवावेत? (एक वाचक, पणजी)

उत्तर : तळाशी कमीत कमी श्रम करावेत आणि थांब्यांवर हलकी हालचाल ठेवावी, रक्ताभिसरण चालू राहिले की वायू लवकर बाहेर पडतो. पृष्ठभागावर आल्यावर मात्र जड सिलिंडर घेऊन शिडी चढण्याची घाई करू नये, ते आधी बोटीवर द्यावेत.

हालचालीपेक्षा ऊब महत्त्वाची आहे. अमेरिकी नौदलाच्या त्याच विभागाने 2007 च्या अहवालात 36 आणि 27 अंशांच्या पाण्यात 37 मीटरच्या डाइव्हची तुलना केली. तळाशी ऊब आणि थांब्यांवर गारवा असताना 30 मिनिटांच्या डाइव्हने जितके बेंड्स झाले, त्यापेक्षा तळाशी गारवा आणि थांब्यांवर ऊब असताना 70 मिनिटांच्या डाइव्हने कमी झाले, थांब्यांचा वेळ सारखाच ठेवून. या प्रयोगातले ‘गार’ पाणी 27 अंशांचे होते, जे आपण गोव्यात उबदार म्हणतो. थांब्यांवर तासभर पातळ सूटमध्ये कुडकुडणाऱ्याला कॉम्प्युटर एक मिनिटही जास्त देत नाही.

प्रश्न : माझी मुलगी नेत्राणी बेटापाशी दोन दिवस डायव्हिंग करून आली. कॉम्प्युटरने कोणताही इशारा दिला नव्हता असे ती सांगते, पण संध्याकाळपासून तिचा खांदा दुखतो आणि बोटांना मुंग्या येतात. सिलिंडर उचलल्यामुळे असेल म्हणून ती झोपून गेली. अशा वेळी घरच्यांनी काय करावे? सुदैवाने तिला नंतर योग्य उपचार मिळाले, पण पुढच्या वेळेसाठी विचारते. (एक वाचिका, बेळगाव)

उत्तर : आपल्या मुलीला उपचार मिळाले हे वाचून बरे वाटले. डायव्हिंगनंतरच्या 24 तासांत सुरू झालेले दुखणे, मुंग्या, बधिरपणा, चक्कर, अतिथकवा, लघवीला अडचण किंवा त्वचेवर डाग हे बेंड्स नाहीत असे डॉक्टरने सांगेपर्यंत बेंड्सच समजावेत. बहुतेक रुग्णांत त्रास पहिल्या सहा तासांत सुरू होतो. कॉम्प्युटरचा हिरवा पडदा हा त्याविरुद्धचा पुरावा नाही. ‘झोपून उठल्यावर बघू’ हे वाक्य या आजारात सर्वांत जास्त नुकसान करते.

मिळेल तितक्या लवकर शुद्ध ऑक्सिजन मास्कने द्यावा, रुग्णाला आडवे ठेवावे, शुद्धीवर असेल आणि उलटी होत नसेल तर साधे पाणी थोडे थोडे पाजावे. ऑक्सिजनने दुखणे थांबले तरी आजार गेला असे नाही. डॉक्टरकडे जायचेच आहे. पुन्हा पाण्यात उतरवून उतारा करण्याचा प्रयत्न करू नये. रस्त्याने नेताना शक्यतो घाट चढणारा मार्ग टाळावा.

उपचार दाबकक्षात होतात. प्रचलित पद्धतीत रुग्णाला 18 मीटर खोलीइतक्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देतात आणि मग टप्प्याटप्प्याने दाब उतरवतात. या सगळ्याला सुमारे पावणेपाच तास लागतात. मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयाच्या परिसरात नौदलाच्या वैद्यकीय संस्थेकडे यातले तज्ज्ञ आहेत. काही खाजगी रुग्णालयांतही ऑक्सिजनचे दाबकक्ष असतात, पण त्यांतले बरेच जखमा भरून येण्यासाठी वापरले जातात आणि डायव्हर घेतातच असे नाही. म्हणून सहल ठरवतानाच डायव्ह सेंटरला तीन गोष्टी विचाराव्यात : बोटीवर किती ऑक्सिजन आहे, डायव्हर घेणारा सर्वांत जवळचा दाबकक्ष कोणता, आणि तिथवर रुग्ण नेण्याची सोय कोण करणार. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कसारख्या संस्थेचा विमा घेतलेला असेल तर त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला फोनवर मिळू शकतो.

पुन्हा डायव्हिंग कधी करायचे ते डॉक्टर ठरवतील, आणि मर्यादेत राहूनही त्रास झाला असल्याने हृदयातल्या त्या छिद्राची तपासणी करायची का, हेही त्यांनाच विचारावे. रुग्णालयात जाताना मुलीचा कॉम्प्युटर बरोबर न्यावा आणि बॅटरी काढू नये. त्यातल्या नोंदीवरून प्रत्येक मिनिटाची खोली आणि वर येण्याचा वेग डॉक्टरांना पाहता येतो, आणि निदान करताना ती नोंद रुग्णाच्या आठवणीपेक्षा जास्त विश्वासाची असते.